रॅव्हेलरी: डिझाइन नंतर, आधी खालची टिपणं वाचा

क्रोशाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईला गिऱ्हाईक हमखास एक फोटो पाठवतं. "काकू, सेम असंच हवंय." फोटो कुठला, विणलंय कुणी, सुई कितीची, कशाचाच पत्ता नाही. अलीकडे तर त्यात एआयनं बनवलेली चित्रंही घुसली आहेत. टाके एकमेकांत विरघळलेले, खांबाला, म्हणजे क्रोशाच्या उभ्या टाक्याला, ना बुड ना शेंडा. ते ब्रह्मदेवालाही विणता येणार नाही. अशा फोटोमागचं खरं डिझाइन शोधायचं, आणि ते आपल्याकडच्या लोकरीत बसेल का ते बघायचं, यासाठी मी रॅव्हेलरी ही साइट वापरते. मी नाशिकरोडला घरूनच काम करते. बाळाचे सेट, तोरणं, रुखवतातल्या वस्तू, आणि संक्रांतीआधी वाणाच्या ऑर्डरी. हौसेनं विणणारीला यातलं काही वेगळं वाटेल, पण मी लिहितेय ते धंद्याच्या नजरेनं.

साइट २००७ साली अमेरिकेत जेसिका आणि कॅसिडी फोर्ब्स या जोडप्यानं सुरू केली. एक विणणारी, दुसरी प्रोग्रामर. खातं फुकट आहे, पण ते उघडल्याशिवाय आतलं फारसं काही दिसत नाही. सुयांचं विणकाम आणि क्रोशा हा तिथला मुख्य माल. सूतकताई आणि हातमागवालेही आहेत. गोधडी, भरतकाम किंवा शिवण शोधायला मात्र तिकडे जाऊ नका.

शोधायची सोय आधी सांगते, कारण लोक तिथेच अडकतात. वरच्या चौकोनात नुसतं 'बेबी कॅप' टाकलं तर टोप्यांचा डोंगर समोर येतो आणि माणूस गांगरून साइट बंद करतो. बाजूला चाळण्या आहेत त्या वापरायच्या. क्रोशा की सुया, फुकट की विकत, लोकरीची जाडी, सुईचा आकार, एकूण किती मीटर लोकर लागेल, धागा सुती की लोकरीचा, सगळं निवडता येतं. माझी नेहमीची चाळणी ठरलेली आहे: क्रोशा, सुती, फुकट, दोनशे मीटरच्या आत. डोंगराची टेकडी होते. आपल्याकडे थंडी ती किती? निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली की चार दिवस स्वेटरची आठवण होते, संक्रांत उलटली की विसर पडतो. नॉर्वेच्या हिशोबानं काढलेला जाडजूड गळाबंद स्वेटर नाशिकच्या बाळाला घातला तर ते घामानं रडेल. म्हणून 'सुती' ही चाळणी आपल्यासाठी फार कामाची.

आणखी एक चाळण आहे, टाक्यांचा तक्ता असलेली डिझाइनं वेगळी काढायची. साइट सगळी इंग्रजीत आहे, मराठी नाही, हिंदी नाही, आणि ही अडचण खरी आहे. पण तक्ता समोर असला की इंग्रजीचं अडत नाही. लांबट गोल म्हणजे साखळी, फुली म्हणजे मुका खांब, टी अक्षरावर एक आडवी रेघ म्हणजे खांब. माझ्या शेजारच्या वहिनी इंग्रजी वाचत नाहीत, पण जपानी तक्त्यावरून त्यांनी माझ्याआधी रुमाल संपवला. लिहिलेलं डिझाइन घेणार असाल तर ते अमेरिकन पद्धतीचं की ब्रिटिश, हे आधी बघा. अमेरिकन ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच इंग्रज डबल म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब. न बघता विणलं तर टोपीची पिशवी होते. हीसुद्धा चाळणी तिथे दिलेली आहे.

आता मुख्य गोष्ट. डिझाइनं हल्ली कुठेही मिळतात. रॅव्हेलरीची खरी कमाई आहे प्रत्येक डिझाइनखाली जोडलेली लोकांनी विणलेल्या वस्तूंची पानं. एखादी टोपी हजार जणींनी विणली असेल तर त्यातल्या कितीतरी जणींनी फोटो टाकलेले असतात, कुठली लोकर, किती ग्रॅम, कितीची सुई, आणि खाली टिपण. "चौथ्या ओळीत दोन टाके कमी लिहिलेत." "कान झाकले जात नाहीत, मी दोन ओळी वाढवल्या." "धुतल्यावर सैल पडलं." डिझाइन करणारीनं काढलेला फोटो नेहमी गोंडसच असतो, खिडकीतलं ऊन, लाकडी टेबल, बाजूला कॉफीचा मग. हजार घरांतले हजार फोटो बघितले की ती टोपी खरी कशी बसते ते कळतं. एआयच्या चित्राला इथे जागाच उरत नाही, कारण तसलं डिझाइन कुणाच्या हातून पूर्णच होत नाही, आणि त्याच्याखाली विणलेल्या वस्तू दिसत नाहीत. माझा नियम सोपा आहे. खाली एकही पान नाही, ते डिझाइन ऑर्डरीसाठी घ्यायचं नाही.

सगळी पानं वाचायला कुणाला वेळ आहे? जी टिपणं इतरांना उपयोगी वाटली त्यांच्यावर बुडत्याला फेकतात तसल्या गोल ट्यूबचं चिन्ह दिसतं. तेवढी वाचली तरी पुष्कळ. एक वेगळा भाग असाही आहे की हे डिझाइन लोकांनी कुठकुठल्या लोकरीत विणलं ते एका जागी दिसतं. परदेशी डिझाइनमध्ये सांगितलेली मेरिनो लोकर मेन रोडच्या दुकानात कोण देणार? आपण वर्धमान, ओसवाल, गंगा किंवा अँकरचा सुती धागा विचारतो. कुणीतरी अॅक्रिलिकमध्ये विणलेलं दिसलं की जीव भांड्यात पडतो.

मात्र आपल्या लोकरीची जाडी तिथल्या हिशोबात बसवावी लागते, आणि ही युक्ती न कळल्यामुळे पुष्कळ जणी साइट सोडून देतात. आपल्याकडच्या लडीवर बऱ्याचदा नुसतं वजन लिहिलेलं असतं. किती मीटर, किती जाड, याचा उल्लेखच नसतो. फूटपट्टी घ्या, तिच्यावर लोकर शेजारी-शेजारी गुंडाळा, ओढू नका, एकमेकांवर चढवू नका, आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. तिथे जाडीला नावं आहेत: नऊच्या आसपास बसले तर वर्स्टेड, अकरा बसले तर डीके, चौदा बसले तर फिंगरिंग. डीकेलाच काही ठिकाणी ८ प्लाय म्हणतात. एवढं कळलं की चाळणी बरोबर लावता येते. सुईचंही तसंच. जुन्या स्टीलच्या सुयांना नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, आणि नंबरही सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात. रॅव्हेलरीवर मिलिमीटर दिलेले असतात, तेच धरून चला. आणि नमुन्याचा दहा सेंटिमीटरचा चौकोन विणल्याशिवाय गिऱ्हाइकाला माप सांगू नका. पण हे साइटचं काम नाही, तुमचं आहे.

आपल्याकडच्या साठ्याची नोंद ठेवायची सोयही आहे. लडीचा फोटो, रंग, शेड नंबर, किती शिल्लक, आणि हे सगळं एक्सेलच्या तक्त्यात उतरवून घेता येतं. मी ते करते कारण वाणाच्या ऑर्डरीत एकाच शेडच्या तीस वस्तू लागतात, आणि मध्येच लोकर संपली तर नवी लडी दुसऱ्या रंगणीतली निघते. शेजारी ठेवल्यावर फरक लगेच दिसतो. घरात लोकरीचे दोनच गुंडे असतील तर या भानगडीत पडू नका.

कमी काय आहे? आपलं फार थोडं आहे. तोरण, चौरंगाचा रुमाल, बाळकृष्णाचा पोशाख, कुंची, रुखवतातली क्रोशाची तुळस, यातलं काही शोधलं तर हाती थोडंच लागतं. त्यासाठी मराठी आणि हिंदी यूट्यूब अजूनही पुढे आहे. बाई हात जवळ आणून दाखवते, थांबवून पुन्हा बघता येतं. पण व्हिडिओत किती लोकर लागेल ते धड कुणी सांगत नाही, आणि मधल्या एका ओळीसाठी वीस मिनिटं मागे-पुढे करत बसावं लागतं. भारतीय बायकांचा गोतावळा हवा असेल तर फेसबुकवर 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' आहे, चेन्नईहून सुरू झालेला. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी जोडलेलं ब्लँकेट ११,१४८.५ चौरस मीटरचं होतं, गिनीजमध्ये नोंद आहे. उत्साह तिथे, नोंदी रॅव्हेलरीवर, अशी माझी वाटणी.

पैशांचं बोलू. फुकट डिझाइनांवर माझं बरंचसं काम भागतं. विकतचं डिझाइन साधारण पाच ते आठ डॉलरना पडतं, आणि पैसे थेट डिझाइन करणारीच्या दुकानात जातात. कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार चालू केलेले नसतील तर पैसे जाणार नाहीत, ते बँकेच्या अॅपमधून आधी चालू करा. विणलेली वस्तू विकायला परवानगी आहे का, हे बऱ्याच जणी डिझाइनच्या पानावर लिहितात. ऑर्डरी घेणारीनं ते वाचलंच पाहिजे. आणि विकत घेतलेली पीडीएफ व्हॉट्सअॅपच्या गटात सोडून 'सेवाभाव' मिरवणाऱ्या भगिनींना माझा कोपरापासून नमस्कार. वस्तूची घासाघीस झाली की आपल्यालाच किती लागतं ते आठवा.

तयार वस्तू विकायला ही जागा नाही. त्यासाठी लोक एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकायच्या परदेशी साइटचं नाव घेतात. तिथे एक वस्तू मांडायला २० सेंट, मुदत चार महिने, आणि विक्री झाली की साडेसहा टक्के वेगळे. त्यात परदेशी टपालखर्च. मला अजून तरी डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरची प्रदर्शनं बरी वाटतात, गिऱ्हाईक हात लावून बघतं.

डोळ्यांबद्दल एक इशारा. २०२० मध्ये साइटचं रूप बदललं तेव्हा डोकेदुखी होते, अर्धशिशी उठते अशा तक्रारी जगभरातून झाल्या. नंतर रूप बदलायचे पर्याय आले. तुम्हाला पान बोचत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन दुसरं निवडा. मोबाइलवर ब्राउझरमधून चालतं, पण चाळण्या लावायला मुलाचा लॅपटॉप मागून घ्या.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो भाषेसाठी. आपल्या लोकरींची माहिती अर्धवट आहे त्याचा तारा मी कापत नाही, कारण नवी लोकर तिथे आपणच नोंदवू शकतो. म्हणून लडीवरचा कागद टाकून देऊ नका. कंपनी, धागा कशाचा, वजन, शेड नंबर आणि तुम्ही पट्टीवर मोजलेले वेढे, एवढं टाकलं तरी भुसावळला किंवा बेळगावला बसलेल्या दुसऱ्या बाईला ती लोकर चाळणीत सापडेल.