दसऱ्याआधी तलवार 'साफ करून' दिली आणि पातं गेलं

खंडेनवमीच्या तोंडावर "गंज काढून, जौहर (पोलादातली लाटांसारखी नक्षी) उठवून देतो" म्हणत कारागीर येतात. एका घरातली पिढीजात तलवार अशीच आठ दिवसांसाठी गेली आणि चकाचक होऊन परत आली. पुढच्या पावसाळ्यात पात्यावर तपकिरी घाम फुटला, तेव्हा कळलं की मूठ घरची आहे, पातं परकं.

हे इतकं सोपं का? आपल्याकडच्या बहुतेक तलवारींत पात्याचं आखूड शेपूट मुठीच्या पोकळीत घालून भोवती लाख भरलेली असते. मूठ तापवली की लाख मऊ होते आणि पातं निघून येतं. मालक ओळखतो मूठ. पात्याकडे कोण निरखून बघतो?

नव्या पात्यावरचा जौहर आम्लाचा असतो. नक्षीपुरतं वार्निश लावून पातं फेरिक क्लोराईडमध्ये बुडवलं की लाटा उमटतात. दहापट भिंगातून बघा: तीच आकृती ठरावीक अंतराने परत येते आणि पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेवर, काहीच नसतं. खरा जौहर पोलादाच्या अंगातच असतो, त्यामुळे तो पाठीवरही सापडतो. मुठीच्या तोंडाशी तापलेली टाचणी लावा. लाख मऊ होते, तिचा वासही येतो. करडा, टणक भराव म्हणजे बहुधा अरल्डाइटसारखा आधुनिक गोंद. अर्थात, तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. जुन्या दुरुस्तीतही ते वापरलेलं असू शकतं.

पातं बदललं नाही तरी नुकसान व्हायचं ते होतंच. संडास धुण्याच्या ॲसिडने गंज जातो, पण क्लोराईड खड्ड्यांत राहतं आणि दमट हवेत गंज पुन्हा सुरू होतो. बफिंगने अक्षरं पुसट होतात. कोफ्तगरीचं, म्हणजे लोखंडावरच्या नक्षीचं, सोनं तर लोखंडावर बारीक ओरखडे पाडून नुसतं ठोकून बसवलेलं असतं. बफिंगच्या चाकाखाली ते उडतं.

तलवार हातातून सोडण्याआधी एक ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करा. लांबी घ्या, रुंदी आणि जाडी तीन ठिकाणी मोजा. दोन्ही अंगांचे आणि पाठीचे फोटो पट्टी ठेवून काढा. गंजाच्या खड्ड्यांचे फोटो जवळून हवेत, कारण ती मांडणी दुसऱ्या पात्यावर सापडत नाही. हे सगळं पावतीवर लिहून सही घ्या. सहीला नकार आला तर तलवार देऊ नका.

खरं तर बहुतेक तलवारींना कारागीर लागतच नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, शिलाई मशीनचं तेल लावून तांबडा गंज बांबूच्या काडीने खरवडा, काळा थर राहू द्या. तेल पुसून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या. लिंबू, चिंच, व्हिनेगर नको. कोफ्तगरी कोरड्या मऊ ब्रशनेच झटका. लाकूड आणि चामडं ओल धरतात, म्हणून पातं म्यानाबाहेर, सिलिका जेल घालून ठेवा. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी.

वर हे कारागीर "पुरातत्त्व खात्याचा शिवकालीन दाखला" मिळवून देण्याचे वेगळे पैसे मागतात, तेही देऊ नका. परदेशी न्यायच्या वस्तूसाठी खातं 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला देतं, तो अगदी उलट कामाचा.