मॅकेंझी डेल्टा नकाशावर काढायचाय: सेंटिनेल-2 घ्यावं की सेंटिनेल-1?

कॅनडाच्या अगदी उत्तरेला मॅकेंझी नदी बोफर्ट समुद्राला मिळते, तिथली तळी, फाटे आणि दलदल काढायला बसलात की हा प्रश्न पडतोच, कारण दोन्ही सॅटेलाइटचा डेटा फुकट आहे आणि दोन्हीचा पिक्सेल 10 मीटरचा. माझं मत सरळ आहे, तळी-फाटे काढायचे तर सेंटिनेल-2, पण दलदलीसाठी एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

सेंटिनेल-2 म्हणजे कॅमेराच. निअर इन्फ्रारेड बँड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) लावला की झाडी लालभडक आणि पाणी काजळासारखं काळं, काठ लगेच सापडतो. ढग आले की मात्र काही दिसत नाही, त्यामुळे कामाचे महिने जुलै-ऑगस्टच. आणि तारीख बघाच! मी एकदा जूनच्या सुरुवातीची स्वच्छ इमेज मिळाली म्हणून दोन रात्री जागून तळी काढली, मग ऑगस्टच्या इमेजवर ठेवून बघतो तर जिथे मी एक मोठं तळं काढलं होतं तिथे चार वेगळी तळी, मधली विलोची झुडपं तेव्हा पाण्याखाली होती. नदी उत्तरेकडे वाहते ना, वरच्या अंगाला बर्फ आधी फुटतो, मुखाशी अजून गोठलेलंच असतं, मग बर्फ अडकून पाणी फुगतं आणि आजूबाजूच्या तळ्यांत शिरतं. सगळं पुसून परत काढलं.

सेंटिनेल-1 रडार आहे, त्याला ढग आणि अंधार दोन्ही चालतात. शांत पाण्यावरून रडारची लहर पुढे निघून जाते म्हणून पाणी काळं, पण झुडपांखाली पाणी साचलं असेल तर लहर पाण्यावर आणि खोडावर आपटून परत येते आणि तो भाग चकाकतो. सेंटिनेल-2 ला तिथे फक्त वरची पानं दिसतात. पण वारा सुटला की तळं राखाडी होऊन काठात मिसळतं, चित्र दाणेदार असतं, आणि खरा बारकावा 20 मीटरच्या आसपासच, अरुंद फाटे तुटक दिसतात. दाट झाडीत ही छोटी लहर अडकते, तिथे 2025 च्या जुलैत श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या रडार सॅटेलाइटचा एल-बँड, म्हणजे जास्त लांब लहर, जास्त कामाचा.

कॅनडा सरकारचा कॅनव्हेक हा तयार नकाशा-डेटा नावांसाठी घ्या, काठांसाठी नको, त्यातला बराचसा जुन्या टोपो नकाशांवरून आलाय आणि डेल्टात जमिनीतला बर्फ वितळून कधी अख्खं तळंही रिकामं होतं.

दलदलीसाठी मी आता सेंटिनेल-1 ची जूनची आणि ऑगस्टची इमेज शेजारी ठेवतो, दोन्हीत चकाकणारा भाग तेवढा दलदल म्हणून काढतो, आणि कडा सेंटिनेल-2 वर जुळवून घेतो.