जुना बेस घेताय? आधी हात बघा, मग नाव

पुण्यात राहून विंटेज बेस, म्हणजे जुन्या काळातला बेस गिटार, शोधायचा म्हणजे पत्रिका आणि फोटो बघून लग्न ठरवायचं. वाद्य मुंबईत, गोव्यात नाहीतर थेट जपानात असतं आणि आपण इकडे कर्वेनगरात मोबाईलवर फोटो मोठे करून लाकडाचे रेषे मोजत बसतो. निदान कुठल्या जातीचं वाद्य आपल्याला झेपेल, एवढं तरी घरबसल्या ठरवता येतं.

खरी निवड बहुतेकांची फेंडर या अमेरिकन कंपनीच्या दोनच बेसमध्ये होते, प्रिसिजन आणि जॅझ. प्रिसिजन आला १९५१ मध्ये, पण आज आपण ज्याला 'पी बेस' म्हणतो तो १९५७ नंतरचा, दोन तुकड्यांत विभागलेल्या पिकअपचा (तारेचं कंपन टिपणारं चुंबक). एक व्हॉल्यूम, एक टोन, विषय संपला. जॅझ १९६० चा. त्याला दोन पिकअप, तिरकी कंबर आणि वर निमुळता होत जाणारा नेक (मान). दोघांची तारेची लांबी सारखीच, ३४ इंच. पण नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीपाशी, जुना प्रिसिजन साधारण ४४ मिलिमीटर रुंद आणि जॅझ ३८. सहा मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत. तीन तास 'नॉनस्टॉप' वाजवून झाले की डाव्या मनगटाला विचारा.

आवाजाचं म्हणाल तर प्रिसिजन बँडच्या खाली सतरंजीसारखा पसरतो. त्याच्याकडे लक्ष जात नाही, पण काढून घेतला की सगळे उघडे पडतात. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या जेम्स जेमर्सनने १९६२ च्या प्रिसिजनवर, त्याच त्या जुन्या फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या, गुळगुळीत) तारांवर, कारकीर्द काढली. जॅझ बोलका. ब्रिजकडचा (तारांच्या खालच्या टोकाकडचा) पिकअप वाढवला की प्रत्येक स्वर वेगळा, अनुनासिक ऐकू येतो. फ्यूजनवाल्या जाको पास्टोरियसचा बेसही १९६२ चाच, पण जॅझ आणि फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उपटलेला. गणपतीत ऑर्केस्ट्रा करणार असाल तर माझं मत डोळे मिटून प्रिसिजनला. फ्यूजन किंवा बेसला स्वतःची दोन वाक्यं बोलू देणारं काही वाजवणार असाल तर जॅझ.

आणखी एक फरक इथल्या तालमीच्या खोल्यांत फार जाणवतो. प्रिसिजनचा दुभंगलेला पिकअप गुणगुण स्वतःच मारतो. जॅझचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असतील तरच ती मरते. एक कमी केलात की परत सुरू. आणि जॅझची खरी मजा एक कमी करण्यातच आहे. अर्थिंगच्या नावाने बोंब असलेल्या बेसमेंटमध्ये, शेजारी ट्यूबलाइट फडफडत असताना, हा मुद्दा तात्त्विक राहत नाही. तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) तांब्याची पट्टी आणून आतली पोकळी मढवता येते. फरक पडतो, पण पूर्ण नाही.

आता वर्षांचं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि संग्राहकांनी इतिहासाची फाळणी करून टाकली. आधीचं सगळं सोनं आणि नंतरचं पितळ, हे अर्धंच खरं. सत्तरच्या दशकातल्या जॅझमध्ये मात्र जपून. १९७५ च्या आसपास त्याचा नेक चारऐवजी तीन स्क्रूवर आला, आणि अॅशच्या बॉडीमुळे काही वाद्यं पाच किलोला टेकतात. प्रिसिजनला चार स्क्रू कायम राहिले. मी असाच एक सत्तरीतला जॅझ एप्रिलमध्ये घेतला होता. विकणारा म्हणाला, नेक सुतासारखा सरळ आहे. होताही. जुलैत हवा दमट झाली, नेक वाकला, तारा वर आल्या आणि मग कळलं की ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारी आतली धातूची कांडी, आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता. फिरवायला जागाच नाही! दिवाळीनंतर तोट्यात विकला. तेव्हापासून माझा पहिला प्रश्न वर्षाचा नसतो, 'ट्रस रॉड किती शिल्लक आहे' हा असतो.

रिकनबॅकर ४००१ (१९६१ पासून) दिसायला राजस. नेक बॉडीतून आरपार गेलेला, आवाजाला पियानोच्या खालच्या पट्टीसारखी धार. पण त्याला एकाऐवजी दोन ट्रस रॉड, आणि आधी नेक हाताने वाकवून मग रॉडचे नट घट्ट करायची त्याची जुनी पद्धत. नुसते ते नट आवळले तर फिंगरबोर्ड (नेकवरची बोटं ठेवायची फळी) उचकटू शकतो. गावात हे माहीत असलेला कारागीर तुमच्या ओळखीचा नसेल तर फोटो भिंतीवर लावा.

गिब्सनचा ईबी-३ तारेच्या लांबीला साडेतीस इंची, महोगनीचा, हाताला लोण्यासारखा. पण मोठा पिकअप अगदी नेकला चिकटून, त्यामुळे आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. क्रीम बँडच्या जॅक ब्रूसने त्यातून काय काढलं ते वेगळं. आपण जॅक ब्रूस नाही. गिब्सनचाच थंडरबर्ड मुंडी खाली टाकतो आणि त्याचं डोकं मोडण्यासाठी प्रसिद्ध आहे. पुढे.

हॉफनर ५००/१ म्हणजे बीटल्सच्या मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा. आतून पोकळ, वजन सव्वादोन-अडीच किलो. अॅक्टिव्हावर पाठीला बेस अडकवून सिंहगड रोडने जाणाऱ्याला याचं मोल कळेल. मोठ्या आवाजात घुमतो आणि शॉर्ट स्केल (कमी लांबीच्या) तारा दुकानात चटकन मिळत नाहीत, हे धरून चाला.

म्युझिक मॅन स्टिंगरे १९७६ चा, लिओ फेंडरच्याच हाताखालून आलेला. आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप (आवाज आतच वाढवणारं सर्किट), स्लॅप करणाऱ्यांचा, म्हणजे अंगठ्याने तारा बडवून वाजवणाऱ्यांचा लाडका. १९८४ मध्ये कंपनी अर्नी बॉलकडे गेली, त्याआधीचे महाग. विकणाऱ्याला बॅटरीच्या खोबणीचा फोटो मागा. पाझरलेली नऊ व्होल्टची बॅटरी सगळा आतला संसार खाते.

बाहेरून मागवणार असाल तर फिंगरबोर्डचं लाकूडही विचारा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत फेंडर ब्राझिलियन रोझवुड लावत असे. ते १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कागदपत्रांशिवाय पार्सल अडकू शकतं. पुढे आलं ते भारतीय रोझवुड, म्हणजे आपला शिसव. इथून गेलेलं लाकूड पन्नास वर्षांनी ड्युटी भरून परत आणायचं, ही गंमत वेगळीच.

माझ्या खिशातून जाणार असतील तर मी अमेरिकन नावाच्या मागे न लागता १९८२ ते ८४ दरम्यानचा, 'जेव्ही' क्रमांकाचा जपानी फेंडर शोधेन. फुजिगेन या जपानी कारखान्यात बनलेले, जुन्या मापांबरहुकूम, आणि काम इतकं नेटकं की त्याच काळातल्या अमेरिकन कारखान्याने लाजावं. त्यातही प्रिसिजनच, आणि सौदा जुलैत करेन.