एफडी म्हणून गळ्यात पडलेली विमा पॉलिसी

सोलापुरातल्या एका कापड कारखान्यात 31 वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा चोख हिशेब ठेवलेल्या माणसाने स्वतःच्या 5 लाखांच्या कागदावर न वाचता सह्या केल्या, हे लिहिताना आजही संकोच वाटतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये मी निवृत्त झालो. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून 14 लाख रुपये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर जमा झाले. कर्मचारी पेन्शन दरमहा 3 हजारांच्याही आत असल्याने एवढ्या पुंजीवरच पुढचे आयुष्य काढायचे होते. मी बँकेत गेलो तो ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा अर्ज मागायला. तिचा व्याजदर 8.2 टक्के होता, म्हणजे 5 लाखांवर दर तिमाहीला 10,250 रुपये. हा हिशेब मी घरूनच करून नेला होता. टेबलामागच्या तरुणाने मला चहा दिला आणि म्हणाला, “काका, त्याहून चांगली एफडी आहे. एकदाच 5 लाख भरायचे.” त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, पण ते बँकेचे की विमा कंपनीचे, हे पाहण्याचे मला सुचले नाही. खुणा केलेल्या जागी मी सह्या केल्या. रकाने “नंतर भरून घेतो” म्हणून कोरेच राहिले.

निघताना त्याने बजावले, “कंपनीचा फोन येईल. सगळ्याला ‘हो’ म्हणा, नाहीतर फाईल अडकेल.” तो फोन आला तेव्हा मी सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत नंदीध्वजांची मिरवणूक पाहत उभा होतो. निम्मे प्रश्न ऐकूच आले नाहीत. मी ‘हो’ म्हणत गेलो.

कुरिअरने आलेला जाड लिफाफा मी एफडीची पावती समजून कपाटात ठेवला. पॉलिसी हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत ती परत करता येते. तेव्हा कागदी पॉलिसीसाठी ही मुदत 15 दिवसांची होती, एप्रिल 2024 पासून ती 30 दिवसांची झाली. माझी मुदत कपाटातच संपली.

जानेवारी 2025 मध्ये दुसऱ्या हप्त्याचा एसएमएस आला, तेव्हा लिफाफा फोडला. दरवर्षी 5 लाख, असे 10 वर्षे भरायचे होते. अर्जाच्या प्रतीत माझा व्यवसाय ‘व्यापार’ आणि वार्षिक उत्पन्न 12 लाख लिहिलेले होते. अक्षर माझे नव्हते, सही मात्र माझीच होती. माझ्या पॉलिसीच्या अटींप्रमाणे 2 वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय ती मोडून काहीही हाती येणार नव्हते. शाखेत गेलो, तर त्या तरुणाची बदली झालेली. नव्या अधिकाऱ्याने दुसरा हप्ता भरून टाकण्याचा सल्ला दिला. तो मी मानला नाही, आणि या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून झालेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने माझी लेखी तक्रार त्या फोनच्या ध्वनिमुद्रणाचा हवाला देऊन फेटाळली. त्यानंतर मी विमाधारकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे अर्ज केला. तिथे शुल्क नसते, वकील लागत नाही. मात्र कंपनीचा नकार आल्यापासून वर्षभरात जावे लागते. अर्जासोबत मी पेन्शनचा कागद आणि निवृत्तीचे पत्र जोडले, कारण दरमहा 3 हजार न मिळणारा माणूस वर्षाला 5 लाख कुठून भरणार, हा प्रश्न विकणाऱ्यालाच पडायला हवा होता.

निकाल अजून लागलेला नाही. कंपनीकडून मागवलेले ध्वनिमुद्रण मी घरी ऐकले. “हा हप्ता दरवर्षी भरायचा आहे, हे आपल्याला मान्य आहे का?” असे एक मुलगी अगदी स्पष्ट विचारते, मागे हलगी वाजते आहे, आणि माझा आवाज मोठ्याने ‘हो, हो’ म्हणतो.