लाली एका दिवसात गेली, म्हणजे डोळा बरा झाला असं नाही

निपाणी-चिकोडी पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की मेडिकलच्या काउंटरवर ठरलेलं बोलणं ऐकू येतं. "डोळ्याला पात लागली हो, लाल झालाय." "हे घाला काका, उद्यापर्यंत साफ." चिठ्ठी विचारत नाहीत, बिल देत नाहीत. ५ मिलीची बाटली खिशात टाकून माणूस निघतो, इन्फेक्शनचा ड्रॉप मिळाला या समजुतीत.

त्या बाटलीत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइडही असू शकतं, आणि ते कुणी सांगत नाही. स्टेरॉइड लाली आणि सूज दाबतं, म्हणून दुसऱ्या दिवशी डोळा पांढरा दिसतो. दुकानदाराचं नाव होतं. पण पातीनं बुबुळ खरचटलं असेल तर तिथं बुरशी धरू शकते. बाटलीतलं मॉक्सिफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक जिवाणू मारतं, बुरशीला त्याचं काही होत नाही. वर स्टेरॉइडनं डोळ्याची प्रतिकारशक्ती दबली की तिला रान मोकळं. जखम आत खोल जाते, बुबुळावर फूल पडतं, नजर जाते. हर्पिस, म्हणजे नागिणीच्या जातीच्या विषाणूनं झालेली जखमही अशीच चिघळते. महिनोन् महिने घातलं तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका वेगळाच.

खोक्यावर नाव नव्हे, घटक वाचा. इंग्रजी जमत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला वाचायला लावा. साध्या अँटिबायोटिक ड्रॉपवर बहुतेकदा औषध एकच असतं: जसं मॉक्सिफ्लॉक्सासिन ०.५ टक्के, नाहीतर टोब्रामायसिन किंवा ऑफ्लॉक्सासिन ०.३ टक्के. जोडीला डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल, फ्लुरोमेथोलोन किंवा बीटामेथासोन दिसलं, की ते स्टेरॉइड. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे औषध टिकवण्यासाठी घालतात, त्याला घाबरायचं कारण नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टर असंच मिश्रण देतात, पण देखरेखीखाली. आजीची ती उरलेली बाटली मग घरभर फिरते, हा तर आपणच आपल्याला घातलेला गंडा! कुठलाही ड्रॉप फोडल्यावर महिनाभरात टाकून द्यायचा असतो.

दुसरी चलाखी बाटलीच्या तोंडाशी. काही बाटल्यांच्या टोपणात आतून टोक असतं. टोपण घट्ट पिळलं की नळीला भोक पडतं. अशी बाटली नवी म्हणून घेतली आणि भोक आधीच पडलेलं दिसलं, किंवा टोपणाखालची कडी तुटलेली असली, तर तिथंच परत करा. बाटलीवरचा आणि खोक्यावरचा बॅच नंबर, मुदत जुळवून बघा. बिलावरही बॅच नंबर हवा. तो नसेल तर पुढे औषध नियंत्रण खात्याकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हातात पुरावा राहत नाही.

पावसाळ्यात साथीनं येणारे डोळे बहुतेक वेळा विषाणूचे असतात, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

डोळा ठणकतोय, उजेड सोसत नाही, धूसर दिसतंय किंवा बुबुळावर पांढरा ठिपका आलाय, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. आधी घातलेली बाटली खोक्यासकट सोबत न्या. स्टेरॉइड लगेच थांबवायचं की हळूहळू कमी करायचं, ते घटक बघूनच ठरतं.