दवाखान्याचं गुगल प्रोफाइल: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

'गुगल बिझनेस प्रोफाइल', म्हणजे गुगल सर्च आणि मॅपवर दिसणारी दवाखान्याची माहिती, फुकट आहे, आणि नको म्हटलं तरी ते असतंच. मॅपवर दवाखान्याची नोंद कुणीही टाकू शकतं. डॉक्टरांनी ताबा घेतला नाही तर वेळा, फोन, फोटो सगळं लोकांच्या मर्जीवर चालतं. नऊ महिने वापरून झालेलं मत असं: तारे वाढवण्याच्या खटपटीपेक्षा वेळा बरोबर ठेवल्याने जास्त अब्रू वाचते.

आपल्याकडे ओपीडी दोन वेळची. सकाळी १० ते १.३०, संध्याकाळी ५.३० ते ९. बरेच जण भरताना सरळ १० ते ९ टाकतात. मग दुपारी ३ वाजता तापलेलं पोर घेऊन आलेल्या माणसाला शटर बंद दिसतं आणि एक तारा तिथेच पडतो. त्याच दिवसासाठी दुसरी वेळ जोडायची सोय आहे, ती वापरा. गणपती, दिवाळी, कॉन्फरन्स यांसाठी 'विशेष वेळा' वेगळ्या भरा. शिवाय कुणीही 'बदल सुचवा' वापरून वेळ बदलू शकतो, 'कायमचे बंद' असंही सुचवू शकतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रोफाइल उघडून बघणं आलंच.

प्रोफाइल दवाखान्याच्या ईमेलवरच काढा. भाच्याच्या किंवा एजन्सीच्या जीमेलवर निघालेलं असेल तर मालकीची विनंती पाठवावी लागते. आधीच्या मालकाला उत्तरासाठी ३ दिवस मिळतात, आणि नव्या मालकाला काही अधिकार ७ दिवसांनीच वापरता येतात. रिसेप्शनला 'मॅनेजर' करा, 'ओनर' नको. पडताळणीला बहुतेकदा सलग व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली उपकरणं, कुलूप उघडताना. तो ओपीडी सुरू होण्याआधी काढा. बाकावर पेशंट नकोत, टेबलावर नावं लिहिलेलं रजिस्टर नको.

नाव पाटीवर आहे तेच. 'बेस्ट गायनॅकॉलॉजिस्ट इन ठाणे' असं जोडलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेतही पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं आणि बऱ्या केलेल्या केसेसची फुशारकी मारणं गैरवर्तन आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगित केले, म्हणून २००२ चेच चालू आहेत. सोनोग्राफी असेल तर सेवांच्या यादीतला शब्द न् शब्द तपासा. पीसीपीएनडीटी कायद्याची (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) जाहिरातबंदी इंटरनेटलाही लागू आहे.

आता रिव्ह्यूंची उत्तरं. डॉक्टर सगळ्यात जास्त इथे घसरतात. एकतारा रिव्ह्यू येतो: 'पैसे घेतले, गुण आला नाही.' रागाच्या भरात उत्तर जातं: 'तुमची शुगर ३०० होती, गोळ्या तुम्हीच बंद केल्या.' मुद्दा खरा असेलही, पण पेशंटची माहिती चारचौघांत सांगितली गेली आणि गोपनीयतेचा नियम मोडला. 'तुम्ही १४ तारखेला आला होता' एवढंही नको, कारण तो माणूस आपला पेशंट आहे हे त्यातून कबूल होतं. स्तुतीच्या रिव्ह्यूलाही हेच लागू. 'गुडघा आता कसा आहे?' हे प्रेमाने विचारलं तरी चूकच.

चालणारं उत्तर साधारण असं: 'आपल्याला त्रास झाला असल्यास वाईट वाटते. गोपनीयतेमुळे कुणाच्याही उपचाराबद्दल इथे लिहिता येत नाही. कृपया दवाखान्याच्या क्रमांकावर ११ ते १ दरम्यान फोन करावा, डॉक्टर स्वतः बोलतील.' एक रात्र जाऊ द्या, मगच टाका. आणि फोन आला तर खरंच बोला. समाधान झालेला माणूस आपला रिव्ह्यू नंतर बदलू शकतो. सगळीकडे तेच वाक्य चिकटवलं तर मात्र लोकांच्या लगेच लक्षात येतं. प्रतीक्षेची, पार्किंगची तक्रार असेल तर त्यावर नेमकं लिहा, तिथे कसलंच गुपित नाही.

'औषध लागू पडलं नाही' हा रिव्ह्यू हटत नाही, उगाच धडपड करू नये. शिवीगाळ, दुसऱ्याच दवाखान्याबद्दलचा मजकूर, नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याचा राग, कुणाचा फोन नंबर, यांवर रिव्ह्यूशेजारच्या तीन टिंबांमधून गुगलकडे तक्रार करता येते. आधी स्क्रीनशॉट घ्या. निर्णय यायला काही दिवस लागतात. तक्रार नाकारली तर अपील एकदाच, म्हणून कोणता नियम मोडला ते नेमकं लिहा.

गणितही बघा. पाच ताऱ्यांचे १० रिव्ह्यू असताना एकतारा आला तर सरासरी ४.६ वर येते. १०० असतील तर ४.९६ राहते. म्हणजे रिव्ह्यूंची संख्या हाच बचाव. पण खूश पेशंट निवडून त्यांनाच लिंक पाठवणं, बदल्यात सवलत देणं गुगलच्या धोरणात बसत नाही. 'महिन्याला ५० रिव्ह्यू' असं पॅकेज विकणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. बनावट रिव्ह्यू पकडले गेले तर जुने दिसेनासे होतात, नवे काही काळ बंद होतात, वर इशाऱ्याची पट्टी लागू शकते. काउंटरवर सगळ्यांना दिसेल असा क्यूआर ठेवला तरी तोंडाने मागणं टाळलेलं बरं. डॉक्टरपुढे बसलेला पेशंट नाही म्हणू शकत नाही. आलेले रिव्ह्यू स्टेटसला लावायची हौसही आवरा, फुशारकीचं कलम तिथेच लागतं.

फोटोंमध्ये उपयोगी काय, तर दवाखान्याची पाटी रस्त्यावरून कशी दिसते, जिना की लिफ्ट, गाडी कुठे लावायची. सत्काराचे फोटो कुणी बघत नाही.