माळकरी जोडीदार शोधायला विवाहजुळणी अ‍ॅप: कार्तिकी ते आषाढी वापरल्यानंतरचा अनुभव

कार्तिकी एकादशी झाल्यावर नोंदणी केली आणि आषाढीची पालखी पुण्यात येईपर्यंत हे अ‍ॅप नियमित वापरलं. पैसे भरून, म्हणजे फुकटातल्या वापरावर हा अभिप्राय नाही. अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकतर काही तक्रारी आहेत, आणि दुसरं म्हणजे मैत्रिणींच्या फोनमधली बाकीची मोठी अ‍ॅप्सही पाहिली. रंग सोडला तर सगळ्यांचा फॉर्म जवळपास एकच.

आधी माझी गरज काय होती ते सांगते, नाहीतर बाकीचं समजणार नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. गाव माळशिरस तालुक्यात, पालखीच्या वाटेवर. घरात तीन पिढ्यांची माळ, म्हणजे वारकऱ्यांची गळ्यातली तुळशीची माळ. माझी मात्र घरच्यांनी घातलेली नाही, बारावीनंतर मी स्वतः आळंदीला जाऊन घेतली. मांसाहार नाही, अंडं नाही, दारूचा प्रश्नच नाही, दोन्ही पंधरवड्यांच्या एकादश्या, संध्याकाळी हरिपाठ, आणि रजा मिळेल तितके दिवस वारीत चालणं. मला नवराही असाच हवा होता. पगार, उंची, फ्लॅट यांत मी बरीच लवचीक आहे. यात नाही.

आता फॉर्म. धर्म विचारतो, मग जात, मग पोटजात. जातींची यादी इतकी बारीक की मराठा वेगळे, शहाण्णव कुळी वेगळे, कुणबी वेगळे, माळ्यांत फुलमाळी वेगळे. मग गोत्र, देवक, रास, नाडी, गण, मंगळ आहे का, सौम्य मंगळ आहे का. एवढं सगळं भरून झालं तरी माणूस कोणत्या पंथाचा, रोज कोणाचं नाव घेतो, घरात कोणते नियम पाळतो याला एकही रकाना नाही. वारकऱ्यांचंच असं नाही. माझ्या ऑफिसातल्या महानुभाव मैत्रिणीलाही हाच अनुभव. ती उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेला, मुलगा शोधतेय आणि अ‍ॅप तिला जातीवरून स्थळं दाखवतंय. ‘कौटुंबिक मूल्ये’ असा एक रकाना आहे, त्यात पारंपरिक, मध्यम, आधुनिक असे पर्याय. ‘पारंपरिक’ निवडणाऱ्यांशी बोलल्यावर कळलं की त्याचा अर्थ बहुतेकदा ‘सुनेने नोकरी केली तर चालेल, पण सहाच्या आत घरी’ असा असतो. विठ्ठलाशी त्याचा काही संबंध नाही.

उरतो तो ‘स्वतःबद्दल’चा मोकळा चौकोन. तिथे मी आधी नुसतं ‘वारकरी कुटुंब’ लिहिलं होतं. त्यावर आलेले निरोप बघून हसू यायचं: ‘आम्हीपण खूप धार्मिक आहोत, दर गुरुवारी दत्ताला जातो’, ‘आमच्याकडे गणपती दहा दिवस असतो’, ‘शिर्डीला वर्षातून दोनदा’. सगळी चांगली माणसं. पण मी विचारत होते ते वेगळंच. मग मजकूर बदलला: ‘गळ्यात तुळशीची माळ आहे आणि लग्नानंतरही राहील. मांसाहार, अंडी, दारू घरात नको. एकादशी करते. वारीत चालते, पुढेही चालणार.’ निरोप एकदम कमी झाले, आणि जे आले ते कामाचे आले. कोणी माळकरी मुलगी किंवा मुलगा हे वाचत असेल तर हाच सल्ला: पंथाचं नाव लिहू नका, दिवसभरात काय करता ते लिहा. आणखी एक गोष्ट, शब्द टाकून शोधायची सोय अ‍ॅपमध्ये नव्हती, संकेतस्थळावर होती. लॅपटॉपवर ‘माळकरी’ हा शब्द टाकल्यावर जी स्थळं दिसली ती फोनवर मला कधीच दाखवली नव्हती.

शाकाहाराच्या चाळणीवर भरवसा ठेवू नका. शाकाहारी, मांसाहारी, अंडी खाणारे, अधूनमधून मांसाहारी, जैन असे पर्याय आहेत, दिसायला व्यवस्थित. प्रत्यक्षात ‘शाकाहारी’ लिहिणाऱ्यांत श्रावणातले शाकाहारी आहेत, मार्गशीर्षातल्या गुरुवारचे आहेत, आणि सर्वांत मोठा गट ‘घरी नाही, बाहेर खातो’ वाल्यांचा. एकाने तर प्रामाणिकपणे विचारलं, की तुझ्यासमोर खाल्लं नाही तर तुझ्या माळेला काय होतंय? त्याचा प्रश्न बरोबर आहे. माळेला काहीच होत नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेजारी चिकन खाल्लं जातं आणि मी तिथेच बसून माझी भाजीभाकरी खाते, मला कुणाच्या ताटाचा विटाळ नाही. पण नवरा म्हणजे शेजारचा डबा नव्हे. एकादशीला दोघांसाठी भगर टाकायची की एकाची भगर आणि एकाची पार्सल ऑर्डर, मुलांना काय सांगायचं, रजेचे दिवस गोव्याला घालवायचे की पंढरपूरजवळ पालखीच्या मुक्कामी वाखरीला, हे सगळं त्या एका गोष्टीतून येतं. मला देवभोळा माणूस नको होता. माझ्याबरोबर तोच नियम पाळायचा कंटाळा न करणारा हवा होता.

पैसे भरल्यावर एक ‘रिलेशनशिप मॅनेजर’ मिळते. ताई गोड बोलायच्या. मी माळ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात फोन, ‘मॅडम, प्युअर व्हेज ना? मग जैन दाखवू का?’ त्यांचा दोष नाही, समोरच्या स्क्रीनवर जे रकाने आहेत त्यातूनच त्या शोधणार. पण या सेवेसाठी वरचे पैसे मागत असतील तर देऊ नका. साधं पॅकेज पुरतं. आणि घेतल्या घेतल्या ऑटो-पे बंद करा, तो आपोआप चालू असतो.

ओळखपत्राच्या पडताळणीबद्दल: २०१६ साली केंद्र सरकारने विवाह संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. संकेतस्थळ फक्त लग्नासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे स्पष्ट लिहायचं, नोंदणी करणाऱ्याची ओळख तपासायची, असं त्यात आहे. त्यामुळे नावापुढे निळी खूण दिसते. ती खूण माणूस खरा असल्याची. त्याची माळ खरी असल्याची नाही. ते आपणच तपासायचं.

आणि इथेच गंमत आहे. पुण्यातल्या निम्म्या मुलांचा एक तरी फोटो वारीतला असतो: पांढरा कुर्ता, कपाळावर गंध, मागे दिवे घाट. छान येतो फोटो, माझाही आहे. एका स्थळाने तो लावून खाली लिहिलं होतं की देहूपासून तुकोबांच्या पालखीबरोबर चाललो. आता तुकोबांची पालखी हडपसरहून लोणी काळभोर, यवतकडे जाते. दिवे घाट चढून सासवडला जाते ती माउलींची. हे वाटेवरच्या पोराटोरांना माहीत असतं. मी काही बोलले नाही, फक्त सासवडला मुक्काम कुठे होता ते विचारलं. मग संवाद आपोआप थांबला. एक दिवस चालणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही बरं का. आयटी दिंडीत आळंदी ते पुणे चालणारे माझे कितीतरी सहकारी आहेत आणि त्यातले काही पुढे माळकरी झाले. एका दिवसाची वारी करणारा ‘एक दिवस करतो’ म्हणाला तर मला चालतं.

पहिल्या फोनला मी ठरवून काही गोष्टी विचारायचे. माळ कोणाकडून घेतली? ज्याने घेतलीय तो हे लगेच सांगतो: वासकरांच्या फडावर, देहूकरांच्या फडावर (फड म्हणजे एका महाराजांच्या परंपरेतले वारकरी), नाहीतर गावच्या अमुक महाराजांकडून. एकादशीला घरी काय असतं? आणि शेवटी: लग्नानंतर मी वारीत चालले तर? या शेवटच्या प्रश्नाने जेवढी स्थळं गळाली तेवढी दुसऱ्या कशानेच नाही. चांगले पक्के माळकरी, घरात सप्ताह बसवणारे, वडील पखवाज वाजवणारे, आणि उत्तर काय तर ‘लग्नानंतर बघू’, ‘आईला कोण बघणार’, ‘आमच्यात बायका वाखरीला गाडीने येतात’. तुळस डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बायकांचे फोटो यांच्याच स्टेटसला असतात! त्यापेक्षा माळ नसलेला एकजण बरा वाटला, तो म्हणाला, ‘तू चाल, मी शनिवार-रविवार फलटणला येऊन भेटतो.’

जातीचा विषय टाळता येणार नाही. अ‍ॅपवर ‘जातीची अट नाही’ अशी खूण करता येते. मी केली. कारण सोपं होतं: चाळणी जातीची लावली तर माळकरी मिळत नाहीत, माळेची लावायला जागा नाही, मग निदान जाळं तरी मोठं टाकू. घरी हे कळल्यावर चुलत्यांनी फोन करून अण्णांना, म्हणजे वडिलांना, सुनावलं. अण्णा सप्ताहात वीणा घेऊन उभे राहतात. दिंडीत समोर येईल त्याच्या पाया पडतात, तोही यांच्या पाया पडतो, आडनाव कोणी विचारत नाही. पंगतीत कोण कोणाच्या शेजारी बसलंय हे कोणी बघत नाही. तेच लोक गावी परतल्यावर बायोडाट्यात देवक आणि मामेकुळ आधी वाचतात. मी हे अण्णांना बोलून दाखवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘पोरी, पाया पडायला पंधरा दिवस पुरतात, सोयरीक जन्मभर निभवावी लागते.’ मला ते पटलं नाही. पण त्यांनी खूण काढायला सांगितली नाही, हेही खरं. या बाबतीत अ‍ॅपने मला एक फायदा दिला: गावच्या मध्यस्थाने जी स्थळं कधीच आणली नसती ती समोर आली, आणि त्यांच्याशी बोलायला कोणाची परवानगी लागली नाही.

मध्यस्थ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे वारकरी वधू-वर गट हा दुसरा मार्ग, तोही समांतर चालू होता. फुकट असतो. पीडीएफ बायोडाटे धडाधड येतात, आणि त्यात ‘माळकरी’ असा शब्द पहिल्या ओळीत असतो, शोधावा लागत नाही. आळंदीच्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलेल्या मुलांचे बायोडाटेही याच गटांत दिसतात. जोग महाराजांनी १९१७ मध्ये सुरू केलेली ही संस्था, तिथून तयार झालेले कीर्तनकार गावोगाव आहेत. अभ्यास दांडगा, आवाज गोड, पण मुलीकडचे पहिला प्रश्न नोकरीचा विचारतात आणि बोलणं तिथेच संपतं. शेती करणाऱ्या मुलांचंही तेच. मीही पुण्याबाहेर जायला तयार नव्हते, त्यामुळे या गटांतून माझं काही जुळलं नाही. गावाकडे राहायची तयारी असलेल्या मुलीने मात्र आधी इथेच बघावं, अ‍ॅपवर पैसे घालवू नयेत. गटांचा तोटा एकच: तुमचा फोटो आणि नंबर कुठवर जाईल याला धरबंध नाही. मला अजून अनोळखी नंबरवरून ‘राम कृष्ण हरी ताई’ असे निरोप येतात.

शेवटी काय झालं? फलटणला येऊन भेटतो म्हणणारा तोच. चाकणला कंपनीत आहे, मूळ बार्शीकडचा, जात वेगळी. आई माळकरी, हा नाही. मांसाहार मात्र कॉलेजातच सोडलाय, माझ्यासाठी नाही. पहिल्या भेटीत मी सरळ विचारलं, माळ घालशील का? म्हणाला, ‘घालेन, पण लग्नाची अट म्हणून नाही. अट म्हणून घातलेली माळ मी उद्या काढूही शकतो.’ माझ्या यादीत ‘माळकरीच हवा’ असं लिहिलेलं होतं आणि समोर बसलेला माळकरी नव्हता, तरी इतक्या महिन्यांत ऐकलेलं सर्वांत माळकरी वाक्य तेच होतं. यंदा तो खरंच फलटणच्या तळावर आला. एक मुक्काम आमच्या दिंडीत राहिला, पहाटे पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभा राहिला, दुपारी अण्णांशेजारी पंगतीत वाढपी म्हणून फिरला. अण्णांनी त्याला वीणा धरायला दिली नाही, पण टाळ दिले. ताल चुकत होता.

घरच्यांची बैठक अजून व्हायची आहे. चुलते येणार नाहीत असं कळतंय, आत्या येणार आहे.

पॅकेज संपलं, ते वाढवलं नाही. नंबर बघायची मर्यादा अर्धीही वापरली गेली नव्हती, त्यामुळे सर्वांत स्वस्त पॅकेज घेतलं असतं तरी चाललं असतं. प्रोफाइल काढून टाकताना अ‍ॅप कारण विचारतं आणि ‘लग्न ठरलं’ निवडलं की जोडीचा फोटो मागतं, जाहिरातीसाठी. मी सध्या नुसतं लपवून ठेवलंय, ती सोय सेटिंग्जमध्ये बरीच खाली आहे. पाचपैकी तीन तारे. पंथाचा एक रकाना आणि अ‍ॅपमध्येच शब्द टाकून शोधायची सोय दिली तर चार देईन.